अत्तम्मा, तुमची ओरडणारी माणसं

अत्तम्मा,

गल्लीतल्या बायका अजून येतात. दारात चपला काढतात, तुमच्या फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. माझ्याकडे जरा जास्त वेळ. सासू गेली तरी मी रडले नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलंय. समोरच्या पद्मक्का तर तोंडावर म्हणाल्या, "रड की गं एकदा. छातीत धरून ठेवलं की दुखणं होतंय." मी म्हणाले, "येत नाही हो." त्यांना ते उद्धट वाटलं असावं. पण खरंच येत नाही. नळाला पाणी आलं की उठून भरून ठेवते. दुकानातही जायला लागले. सात रस्त्याच्या चौकातून वळताना रिक्षावाले नेहमीसारखे अंगावर येतात, मी नेहमीसारखी बाजूला होते. गिऱ्हाइकाच्या कानामागं चष्म्याच्या दांड्या नीट बसवते, आरसा पुढं धरते, "बघा, कसा वाटतोय," म्हणते. मालक म्हणाले, आणखी थोडी सुट्टी घ्या. मी विचारलं, घेऊन काय करू? मी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर ओठ असतो ना, जागेवर असतो पण आपला नसतो, तसं सगळं आहे. घर आहे, तुमचं विड्यांचं सूप खुंटीला आहे, तंबाखूचा वास भिंतींना आहे. हात लावला तर लागतो. एवढंच.

आपण दोघींनी या घरात सगळ्यात जास्त काय ऐकलं असेल तर शेजारच्या यंत्रमागांची खडखड आणि तुमची ती गाणी. लोकांना सांगितलं तर पटत नाही. विड्या वळणारी बाई, तेलुगू बोलणारी, कपाळाला एवढं मोठं कुंकू लावणारी, आणि ऐकायची काय, तर इंग्रजी रॉकमधली प्रेमाची गाणी. तीही एकाच कॅसेटमधली. वेगवेगळ्या गायकांचं एकेक गाणं घेऊन केलेली ती कॅसेट. वर लिहिलेलं, भाग दोन. भाग एक आपण कधी पाहिलाच नाही. कव्हरवर लांब केसांची माणसं होती. मी लग्न होऊन येईपर्यंत तुम्ही त्यांना बायका समजत होता. "बायांचा आवाज बघ कसा, घोगरा," असं तुम्ही पद्मक्कांना सांगायचात.

मी आले तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी नातेपुत्याची, मराठी घरातली. तुमचा श्रीनू चादरी-टॉवेलांच्या ऑर्डरी घ्यायला आमच्या कापडाच्या दुकानात यायचा. माझ्या वडिलांनी लग्नाला नाही म्हटल्यावर भर बाजाराच्या दिवशी दुकानासमोर उभा राहून ओरडला होता, "मी हिच्याशिवाय राहणार न्हाय. काय करायचं ते करा!" आख्खा बाजार थांबून बघत होता. कोथिंबीरवाली तर जुडी हातात धरून तशीच उभी. मी आत गल्ल्यामागं. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी वाटत होतं, आणखी एकदा म्हणावं त्यानं.

असं भांडून आणलेल्या सुनेशी कोणती सासू पहिल्याच दिवशी बोलेल? तुम्ही भाकरी वाढायचात, ताट पुढं सरकवायचात, आणि भिंतीला टेकून मांडीवर सूप घेऊन बसायचात. एक दुपार आठवते. तुम्ही टेप लावला. मला वाटलं भजन असेल. आधी नुसता पियानो, मग एक पुरुष अगदी हळू, जसं काही झोपलेल्या बाळाशेजारी बसून गातोय. मी भांडी घासत होते ती थांबले. मग एकदम ढोल आला, गिटार आली, आणि तो माणूस जीव तोडून ओरडायला लागला. तुमची बोटं भरभर चालायला लागली. पान, तंबाखू, वळ, दोरा. पान, तंबाखू, वळ, दोरा. माझ्याकडे न बघताच तुम्ही विचारलंत, "तुला इंग्रजी येतंय म्हणं. हा काय म्हणतोय?"

ते माझ्याशी बोललेलं तुमचं पहिलं वाक्य.

मी कान देऊन ऐकलं. बी.ए. झाले होते, तरी निम्मंच कळत होतं. म्हणाले, "म्हणतोय, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही."

पुढचं गाणं लागलं. "आनि हा?"

"हाही तेच म्हणतोय."

तिसरं लागलं. "हा?"

"तेच हो."

तुम्ही सूप बाजूला ठेवलंत. "सगळे तेच म्हणत्यात? मग इतकी माणसं कशाला गोळा केली?" मला हसू फुटलं. तुम्हालाही फुटलं, पण तुम्ही ते पदरात लपवलंत. मग सूप परत मांडीवर घेऊन म्हणालात, "पन परत्येकाचं ओरडनं निराळं हाय. हा बघ, हा मागतोय. मगाचचा भांडत होता."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलायला लागलात ते कायमचंच. गाण्यांची नावं आपल्याला माहीत नव्हती, म्हणून तुम्ही ठेवलीत. एक पाण्याच्या मोटारीचं, कारण त्यातली गिटार बोअर चालू केल्यासारखी सुरू व्हायची. एक कुकरचं, आधी बराच वेळ काही नाही आणि मग शिट्टी. एक रुसलेल्या जावयाचं. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. कुठल्यामागून कुठलं येणार ते तुम्हाला इतकं पाठ होतं की एक संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या जागेतच तुम्ही पुढच्याची सुरुवात गुणगुणायला लागायचात. शब्द तुमचे तुम्हीच बनवलेले. अर्धे तेलुगू, अर्धे कुठलेच नाहीत.

कॅसेट श्रीनूची होती. कॉलेजात असताना त्यानं नवी पेठेतून आणलेली. लग्नानंतर तो ती ऐकेनासा झाला. तुम्ही ऐकत राहिलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघी त्याबद्दल सरळ कधी बोललोच नाही. श्रीनू हैदराबादेला गेला. आधी कामासाठी, मग कामासाठीच पण जास्त दिवस, मग सणाला तेवढा. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळं त्याला ओढून आणणारं माझ्याशिवाय काही नव्हतं आणि मी पुरले नाही. त्याचा तिथं दुसरा संसार आहे हे कळलं. त्या संध्याकाळी आपण शेंगा भाजल्या, चटणी कुटली. उखळाचा आवाज लई बरा वाटला त्या दिवशी.

मग तो तुम्हाला न्यायला आला. मी स्वयंपाकघरात होते, तुम्ही बाहेर भिंतीशी. तो तेलुगूत बोलत होता. तिथं मोठा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, विड्या वळायला लागणार नाहीत, दवाखाना जवळ आहे. मला आता सगळं तेलुगू कळत होतं, पण त्याला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही तो बोलत होता. मुलाशी तुम्ही जन्मभर तेलुगूतच बोललात. त्या दिवशी तुम्ही त्याला मराठीत उत्तर दिलंत. मोठ्यानं. माझ्यासाठी.

"मी हितनं हलनार न्हाय. हिला टाकून कुटं येऊ?"

तो म्हणाला, "अम्मा, ती तुझी कोण?" आता तोही मराठीत बोलायला लागला होता.

"ती माझ्या घरातली हाय. तू पाव्हना हैस. चहा पी आनि जा."

तो चहा मीच केला. त्यानं प्यायला, कप धुवून ठेवला आणि गेला. मग मी तुम्हाला जेवायला वाढलं. काहीतरी बोलायला हवं होतं. पाया पडायला हवं होतं, गळ्यात पडायला हवं होतं, निदान तुमच्याकडे बघायला तरी. मी भाकरी वाढली. तुम्ही म्हणालात, "चटणी दे की." मी चटणी दिली. आपल्या दोघींत एवढ्या मोठ्या गोष्टीवर झालेलं बोलणं एवढंच. अत्तम्मा, त्या चटणीच्या आधी मला म्हणायचं होतं की माझ्या बापानंसुद्धा मला असं आपलं म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

तुम्ही त्याला तोडलं नाहीत मात्र. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा, तुम्ही घ्यायचात, मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जायची. कपडे नसले तरी जायची. परत आले की तुम्ही फोन ठेवलेला असायचा आणि टेप लावलेला असायचा. आपला वाद तिथनंच सुरू व्हायचा. सुरुवात तुमची असायची.

"त्यो बाजारात ओरडला तवा खरंच बोलत हुता बघ."

"अत्तम्मा, नका काढू ते."

"खरं हुतं. संपलं. दोनी गोष्टी असत्यात."

"खरं असतं तर संपलं नसतं."

मी कडवट झाले होते. म्हणायची, तुमची ही लांब केसवाली माणसं पैसे घेऊन ओरडतात. घरी गेल्यावर त्यांनीही बायका टाकल्या असतील. तुम्ही अजिबात रागवायचा नाहीत. "टाकल्या असत्याल की. गाताना तर खरं बोलत हुते." एकदा मी टेपचं बटण खाडकन बंद केलं. तुम्ही म्हणालात, "गानं चार मिन्टाचं असतंय, पिल्ला. संपतंय म्हनून खोटं असतंय व्हय?"

पण तुमचं म्हणणं मान्य करायचं म्हणजे त्या कोथिंबीरवालीसमोर मी जे ऐकलं ते माझं होतं हे मान्य करायचं, आणि मग ते गेलं हेही. खोटंच होतं म्हटलं की काही गेलंच नाही. मला तेच सोयीचं होतं. वर्षानुवर्षं आपण या एकाच गोष्टीवर भांडलो. कधी भाजी निवडताना, कधी तुमच्या डोक्याला तेल लावताना. तुम्ही हरला नाहीत, मी हरले नाही.

मधे कॅसेट गेली. टेपनं ती चघळून टाकली. मी सात रस्त्यावरून एक सीडी आणली, तिच्यात अशीच शंभरावर गाणी होती. तुम्ही दोन दिवस ऐकलंत आणि परत दिलीत. "लई झाली. कोन कुनाच्या मागनं येतोय तेच कळत न्हाय." मला तेव्हा गंमत वाटली होती. मोबाइल आल्यावर कळलं तुमचं म्हणणं. तो मनाला येईल ते गाणं मनाला येईल तिथं लावायचा आणि तुम्ही हैराण. "मोटारीच्या मागनं जावई यायला पायजे. हा मधीच कोन आला?"

मग एका रविवारी आपण बसलो. तुम्ही गुणगुणायचात, मी मोबाइलसमोर तेच गुणगुणायची, तो काहीतरी भलतंच काढायचा, मी वाजवून दाखवायची, तुम्ही मान हलवायचात. न्हाय. न्हाय. न्हाय. व्हय! तुम्ही मांडीवर थाप मारलीत. पहिली बाजू पुरी झाली. दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं काही केल्या मिळालं नाही. तुम्ही किती प्रकारे म्हणून दाखवलंत. मी इंग्रजीत काय काय लिहून शोधलं. दुसऱ्या बाजूचं चौथं तेवढं हरवलंच. त्यातली चाल तुमच्या तोंडात इतक्या वर्षांत इतकी बदलली असेल की मूळ गाणं समोर आलं तरी आपण ओळखलं नसतं.

मी म्हणाले, जाऊ दे, अकरा तर मिळाली. तुम्ही म्हणालात, "तितं थांबव. तितं मी म्हनते."

तेव्हापासून तिसरं संपलं की मी मोबाइल थांबवायची. तुम्ही डोळे मिटून ते चौथं म्हणायचात, आधी हळू, मग सूप हलेल इतक्या जोरात. शेजारचे माग चालू असले तरी ऐकू जायचं. पद्मक्का दारातून डोकावून जायच्या. मग तुम्ही पाण्याचा घोट घ्यायचात आणि म्हणायचात, "हं, लाव पुढचं."

मी जन्मात कुणाला इतकं निर्धास्त गाताना पाहिलं नाही. सांगितलं कधी नाही.

गेल्या वर्षी तुमची धाप वाढली. डॉक्टर म्हणाले, तंबाखूची धूळ. तुम्ही त्यांना म्हणालात, मी एक विडी ओढली न्हाय जन्मात. ते म्हणाले, ओढायला लागत नाही आजी. विड्या बंद झाल्या. हात रिकामे झाल्यावर तुम्ही गाणीही कमी ऐकायला लागलात. चौथ्याच्या जागी मी थांबवायची, तुम्ही हातानंच खूण करायचात, पुढं ने.

दवाखान्यात तुम्हाला बरं वाटेल म्हणून मी मोबाइल काढला. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. "नको गं. लई आवाज करत्यात ते." मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. मग तुम्ही विचारलंत, "पानी आलं हुतं का? भरलंस?" मी म्हणाले, भरलं. तुम्ही मास्क परत लावला. सकाळी तुम्ही गेलात. मी बाहेर औषधाच्या खिडकीपाशी होते. परत आले तेव्हा नर्सबाई पडदा ओढत होत्या. मी औषधांची पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग एका नर्सबाईंनी ती माझ्या हातातून घेतली.

श्रीनू आला. एकटाच. केस पांढरे झालेत त्याचे, तुमच्यासारखे कपाळाच्या वरून. सगळं त्यानं नीट केलं. बाहेरच्या खोलीत झोपला, आतल्या खोलीत पाय ठेवला नाही. मी वाढलं ते जेवला. विधी सगळे संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग भरून तुमच्या भिंतीशी बसला, तुम्ही बसायचात तिथंच. मला म्हणाला, "वैशाली, एक विचारू? अम्मा माझ्यावर चिडलेली होती का? फोनवर नुसतं तब्येतीचं बोलायची. माझ्याबद्दल काही म्हणायची का तुझ्याजवळ?"

मला नाही म्हणता आलं असतं. त्याच्याशी इतक्या वर्षांत मी धड बोलले नव्हते, बोलायला लागत नव्हतं. पण ते तुमचं बोलणं होतं, माझं नव्हतं. मी ते दाबून ठेवलं असतं तर ते माझ्याबरोबरच संपलं असतं.

म्हणाले, "म्हणायच्या. तू बाजारात ओरडलास तेव्हा खरं बोलत होतास, असं म्हणायच्या."

त्याला आधी कळलंच नाही. "कुठल्या बाजारात?"

"नातेपुत्याच्या."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो रडला. मोठ्यानं, आवाज न आवरता. एवढा मोठा माणूस. पद्मक्का दारापर्यंत येऊन परत गेल्या. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, आणि ठेवू नये असंही आलं. मी आतून तांब्या भरून आणला आणि त्याच्याजवळ ठेवला.

शांत झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि तू? तू काय म्हणायचीस?"

"मी त्यांच्याशी भांडायची."

तो म्हणाला, "हं." एवढंच. पुढं काही मागितलं नाही. बरं झालं, माझ्याजवळ काही नव्हतं. वाद तुमच्याशी चालू आहे, अत्तम्मा, त्याच्याशी नाही. तुम्ही समोर नसताना तो मी कुणाशी मिटवू? निरोप तुमचा होता म्हणून दिला. पटला म्हणून दिला का, ते मला अजून सांगता येत नाही. पण तो देताना माझा आवाज कडवट नव्हता, एवढं माझ्या लक्षात आलं. तुमच्याही आलं असतं.

तो सकाळच्या बसनं गेला. दारात म्हणाला, "येतो." कोण कुठंही निघालं की या घरात म्हणायची सवय, मी म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." तो थबकला. मग मान हलवून गेला.

त्याच दिवशी दुपारी उशिरा तुमचा फोन वाजला. कपाटावर चार्जिंगला होता. तुम्ही गेल्यावरही मी तो रोज चार्ज करते, का ते विचारू नका. मी गच्चीवर गेले नाही. घेतला.

"पोचलो," तो म्हणाला.

"बरं."

त्याच्याकडे कुठंतरी लहान मूल बोलत होतं. आपल्याकडे माग चालू होते. त्याला ते ऐकू जात असणार, कारण तो बराच वेळ ऐकत राहिला. मला फोन ठेवायचा नव्हता असं नाही. ठेवायचा होता असंही नाही.

शेवटी तो म्हणाला, "जेवलीस?"

मी हो म्हणाले. ते खोटं होतं. म्हणून फोन ठेवल्यावर उठले, भात टाकला, आणि जेवले.